मुरमाडाचा वाटा

येळवशीला छापील निमंत्रण काढणारा माणूस आमच्या धाराशिव जिल्ह्यात तोवर जन्माला आला नव्हता. तो मान मूळच्या जळकोटच्या आणि हल्ली उमरग्यात बंगला बांधून राहणाऱ्या गौरीशंकरनं मिळवला. कार्ड जाडजूड होतं. कडेला सोनेरी वेलबुट्टी, मधोमध कडब्याच्या कोपीचं चित्र आणि खाली ठळक अक्षरांत ‘गौरीप्रिया ग्रीन्स, महामार्गालगत, जळकोट’. गौरीप्रिया म्हणजे गौरीशंकर आणि बायको शिवप्रिया, दोघांच्या नावांची गाठ मारून केलेलं नाव. ग्रीन्स कशाला म्हणायचं ते विचारू नका. तिथं मुरूम दाबून प्लॉट पाडले होते आणि हिरवं म्हणावं असं फक्त ऑफिससमोरचं प्लास्टिकचं गवत होतं.

बाहेरच्यांसाठी थोडं सांगायला हवं. येळवस म्हणजे वेळ अमावस्या. थंडी ऐन भरात असते, ज्वारी पोटऱ्यात आलेली असते आणि त्या दिवशी सगळं गाव उठून रानात जातं. उमरग्यासारख्या ट्रकांनी गजबजलेल्या गावातही भर चौकात कुत्रं ताणून देतं. रानात कडब्याच्या पेंढ्यांची कोप करायची, तिच्यात चुन्यानं रंगवलेले पाच दगड पाच पांडव म्हणून मांडायचे, त्यांना भज्जी, बाजरीचे उकडलेले उंडे, ताकातलं आंबील असा निवद दाखवायचा आणि मग जेवायचं नि जेवू घालायचं. भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हेत. हिरव्या शेंगा, डाळी, पालेभाज्या सगळं एकत्र शिजवून केलेलं ते दाट कालवण, खाल्लं त्यालाच कळतं. बांधावर उभं राहून रस्त्यानं जाणाऱ्याला हाक घालायची, मग तो कुणी का असेना. अशी हाक आली की नाही म्हणत नाहीत आणि घातलेली हाक परत घेत नाहीत. जवळच्या माणसांना मात्र आधी घरी जाऊन, दारात उभं राहून सांगायचं असतं. गौरीशंकरला हे सगळं ठाऊक होतं. तरी त्यानं सख्ख्या थोरल्या भावाला कार्ड पाठवलं, तेही ड्रायव्हरच्या हातून.

स्वतः जायची त्याची छाती नव्हती. त्याचं कारण जुनं होतं.

वडील गेल्यावर थोरल्या शरणबसप्पानं, म्हणजे अण्णानं, शेताचे दोन वाटे केले. थोरल्यानं वाटे करायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचा, ही रीत. एक वाटा आतला, काळ्याभोर मातीचा, विहिरीसकट. दुसरा सडकेकडचा, मुरमाड, जिथं कुसळंसुद्धा उपकार केल्यासारखी उगवायची. बांधावरच्या लिंबाखाली अण्णानं विचारलं, “बोल, कुठला घेतूस?” गौरीशंकर म्हणाला, “सडकंकडचा मला असू द्या, अण्णा. काळी तुमी ठेवा. तुमी कसणारे.” अण्णाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. माझ्या धाकट्यानं दगडगोटे घेतले आणि मला सोनं दिलं, असं त्यानं देवळात सांगितलं, बाजारात सांगितलं, सोयऱ्याधायऱ्यांत सांगितलं.

आता गौरीशंकर त्या वेळी उमरग्यात जमिनीच्या दलालांत उठबस करत होता. सडक रुंद होणार, बाजूनं हॉटेलं, पंप, गोदामं येणार, हे त्याच्या कानावर आधीच आलं होतं. ते त्यानं लिंबाखाली सांगितलं नाही. नंतरही सांगितलं नाही. सडक रुंद झाली, मुरमाचं सोनं झालं आणि काळी जमीन होती तिथंच ज्वारी पिकवत राहिली.

पैसा आला तसं घरात सामान आलं. बारा माणसांचं जेवणाचं टेबल आलं, त्याच्या एका टोकाला गौरीशंकर तांब्याला मोबाइल टेकवून एकटा जेवायचा. अंग चेपणारी खुर्ची आली, पण तिच्यात त्याला कधी डुलकी लागली नाही. शिवप्रियाला काचेच्या भांड्यांचा नाद लागला. भिंतभर कपाटात एकाहून एक डिनर सेट, आणि त्यांत जेवायला माणूस नाही. कुरियरवाला तेवढा रोज यायचा, तर ती त्यालाच चहा विचारायची. बडा घर पोकळ वासा म्हणतात. इथं वासे चांगले सागवानी होते, पोकळ होती ती खालची जागा.

आणि त्यात पांडवांचं झालं. प्लॉट पाडताना जेसीबीनं तो बांधावरचा लिंब उपटला आणि त्याच्या बुडाशी आजोबांच्या काळापासून मांडले जाणारे पाच पांडव मुरमाच्या ढिगात लोटले. त्या दिवशी मी उमरग्यात होतो, असं गौरीशंकर सांगतो. खरं तर तो तिथंच गाडीत काचा वर करून बसला होता. अण्णा आला, गुडघ्यावर बसला, ढिगात हातानं चाचपून दगड काढले आणि पोत्यात घालून खांद्यावरून घेऊन गेला. गाडीकडं त्यानं पाहिलं नाही. त्यानंतर भांडण झालं नाही की वाकडा शब्द गेला नाही. नुसतं जाणं-येणं थांबलं. भांडण असतं तर मिटवता तरी आलं असतं.

म्हणून ही छापील येळवस. अण्णा एकदा आपल्या मांडवात येऊन बसला, आपल्या हातचे चार घास जेवला, की झालं गेलं सगळं धुतलं जाईल, असं गौरीशंकरनं मनाशी धरलं होतं. बाकीचे दोनशे पाहुणे त्या एका माणसापुढची स्वतःची लाज झाकायला बोलावले होते.

सोलापूरहून मांडववाले आले. कोप बांधली, तिला रंगीत फिती लावल्या. पांडव संगमरवराच्या दुकानातून आणले, पाचही एका मापाचे, गुळगुळीत. फाटकावर गौरीशंकरचा हात जोडलेला मोठा फ्लेक्स लागला, ‘सर्वांचे हार्दिक स्वागत’. केटररची टोपीवाली पोरं भज्जीखाली शेगड्या पेटवून उभी राहिली. जनरेटर सुरू झाला. ड्रायव्हर बलभीम तेवढा सकाळीच रजा मागायला आला.

“आज? आज कशी रजा?” गौरीशंकर म्हणाला.

“सायेब, येळवस हाय की,” बलभीम म्हणाला. साहेबाला एवढं कसं कळत नाही याचं त्याला खरंच नवल वाटलं होतं.

दुपार झाली. असतील शितं तर जमतील भुतं म्हणतात. इथं शितांच्या पराती भरल्या होत्या, पण भूतसुद्धा फिरकलं नाही. गौरीशंकरनं फोन लावले. जो तो म्हणे, “येतो की शेठ, जरा निवद होऊ द्या,” आणि मागून बायकापोरांचा कालवा ऐकू यायचा. येळवशीला ज्याला रान आहे तो आपल्या रानात असतो आणि ज्याला नाही तो दुसऱ्याच्या. शेंबडं पोरसुद्धा हे सांगेल. गौरीशंकर प्लॉट विकता विकता तेवढंच विसरला होता. मधे एक ओळखीचे साहेब येऊन गेले. ते आधीच तीन-चार रानांत जेवलेले. घोटभर आंबील घेतलं, कोपीपुढं फोटो काढला आणि ढेकर देत गाडीत बसले.

शिवप्रिया भरजरी पैठणी नेसून रिकाम्या खुर्च्यांच्या रांगेत बसली होती. तिनं विचारलं, “अण्णांना सांगायला तुम्ही गेला होता ना?”

“कार्ड पाठवलं होतं.”

“कार्ड!” ती म्हणाली. मग त्याच्याकडं न बघता, “माझ्या बापानं कुणाच्या हातून कार्ड पाठवलं असतं, तर तुम्ही आला असता का?”

गौरीशंकर उठला. पाहुण्यांना वाट सापडत नसेल, बघून येतो, असं म्हणाला. त्याचं ते म्हणणं केटररच्या पोरांनाही खरं वाटलं नाही. महामार्गालगतची जागा, न सापडायला काय झालं? ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, यातलाच तो प्रकार. नवी गाडी आठवड्यापूर्वीच घेतली होती, काळ्या काचांची. ती त्यानं स्वतः बाहेर काढली आणि महामार्ग सोडून प्लॉटांच्या कुंपणभिंतीच्या कडेनं आतल्या गाडीवाटेला घातली. ती वाट वळसा घालून पुन्हा महामार्गालाच लागायची आणि तिच्यावर एकच रान होतं.

लांबूनच धूर दिसला, कोप दिसली, ज्वारीतून डोकी हलताना दिसली. लांबून बघायचं आणि परत फिरायचं, एवढंच त्यानं ठरवलं होतं. पण वाटेतच एक ट्रक उभा होता, गाडी वळवायला जागा नाही. तेवढ्यात बांधावर अण्णा आला. धोतर, डोईला टॉवेल, कपाळावर विभूतीचे पट्टे. त्यानं दोन्ही हात उंचावले आणि त्या अनोळखी गाडीला मोठ्यांदा हाक घातली.

“ओ पाव्हणं! असं कसं जाताव? जेवून जावा!”

काळ्या काचेआडून गौरीशंकर बघत राहिला. अण्णाच्या चेहऱ्यावर काय आनंद होता! हा आनंद आपल्यासाठी नाही, हे कळत असूनही त्याला तो बघवेना आणि नजरही हलवता येईना. काच खाली केली की तो आनंद जाणार. न करावी तर गाडी वळवायला वाट नाही. शेवटी त्यानं काच खाली केली.

अण्णाचे हात क्षणभर तसेच वर राहिले. मग हळूच खाली आले.

“ये,” अण्णा म्हणाला. “हाक घातली म्या. ये, उतर.”

विहिरीवर पाय धुताना गौरीशंकरला आपल्या बुटांची लाज वाटली, मोज्यांची वाटली, मनगटावरच्या जाड कड्याची वाटली. कोपीपुढं तो नमस्काराला वाकला. आत पांडव मांडले होते, चुना लावून. चार ओळखीचे दगड, वेडेवाकडे, लहानपणी तो स्वतःच त्यांना चुना फासायचा. पाचव्या जागी अर्धी वीट होती. तिलाही तेवढ्याच निगुतीनं चुना लावला होता, पुढं तेवढंच फूल ठेवलं होतं. ढिगात अण्णाला चारच सापडले होते. पाचवा कुठल्या तरी प्लॉटच्या रस्त्याखाली दाबला गेला होता. गौरीशंकरला कपाळ टेकवल्यावर वर बघायचं धाडस होईना.

घोंगडीवर त्याच्या शेजारी एक जण आधीच बसला होता. वाटेतला ट्रक त्याचा. अक्रम नाव, जहीराबादचा. महामार्गावर गर्दी म्हणून आतून निघाला आणि अण्णाच्या हाकेत सापडला. वाढायला प्रेमावहिनी होती आणि तिच्यामागं आंबिलाची बिंदगी, म्हणजे लहान घागर, घेऊन म्हातारे दादामियाँ. दादामियाँ म्हणजे जळकोटचे शिंपी, गौरीशंकरच्या वडिलांचे दोस्त. वीतभर जमीन नाही, पण एक येळवस त्यांनी या रानात चुकवली नव्हती. आजही सकाळपासून तेच सरपण आणत होते, तेच चूल सारत होते आणि भज्जीत मीठ कमी पडल्याबद्दल तेच वहिनीवर रागावत होते.

“शिवप्रिया न्हाय आली?” प्रेमावहिनीनं विचारलं.

“ती… तिकडं पाव्हणे लई आलेत, वैनी. सोडवंना तिला.”

वहिनीनं भिंतीकडं पाहिलं. भिंतीपलीकडून जनरेटरचा घरघराट येत होता, माणसाचा आवाज म्हणून एक नव्हता. “व्हय का,” ती म्हणाली आणि त्याच्या पत्रावळीवर आणखी एक उंडा ठेवला. तिनं दोन शिव्या दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

अक्रमनं इकडंतिकडं बघून सहज विचारलं, “ये कौन साब?”

“ह्यो माजा धाकटा भाऊ,” अण्णा म्हणाला. आणि मग, देवा, अण्णानं ती गोष्ट सुरू केली. “वाटणीच्या येळंला ह्यानं आधी उचलायचं हुतं. ह्यानं काय करावं? मुरमाड घेतलं! काळी मला ठेवली. म्हणला, तुमी कसणारे. असला भाऊ हाय.”

अक्रमला मराठी थोडकीच कळत होती. म्हणून दादामियाँनी तीच गोष्ट दख्खनीत पुन्हा सांगितली, हातवारे करून. “इन्ने पत्थर लिया, भाय कू सोना दिया. समझे?” एकदा ऐकून जीव अर्धा झाला होता, दुसऱ्यांदा ऐकताना उरलेला गेला. धरणीनं पोटात घ्यावं म्हणतात, ते काय असतं ते गौरीशंकरला घोंगडीवर मांडी घालून बसल्या बसल्या कळलं. भज्जी तीच होती, आईच्या हातची चव, इतकी वर्षं त्याला कुठल्या हॉटेलात न सापडलेली. बारा माणसांच्या टेबलावर ज्या चवीसाठी तो झुरला होता, ती समोर आली आणि खायचा हक्क नव्हता.

हात धुवायला विहिरीकडं अण्णा त्याच्यासोबत आला. अण्णा वरून पाणी घालत होता. गौरीशंकर खाली बघत म्हणाला, “अण्णा, एक सांगायचं हाय. वाटणीच्या टायमाला… सडक रुंद हुणार हाय ते मला आधीच—”

“ठावं हाय,” अण्णा म्हणाला. पाण्याची धार तशीच चालू होती.

“कवापासनं?”

“जेसीबी आली त्याच्या बी आदीपासनं.”

“मग तुमी त्या ट्रकवाल्याला… असं का सांगितलं?”

अण्णानं तांब्या पालथा घातला, टॉवेल पुढं केला. “मग काय सांगू, गौऱ्या? येळवशीच्या दिवशी, परक्या माणसाम्होरं, तुज्याबद्दल काय सांगू? तूच सांग, तसं सांगतो.”

कित्येक वर्षांनी गौऱ्या म्हणून कुणी हाक मारली होती. गौरीशंकरनं टॉवेल तोंडाला लावला आणि तो बराच वेळ काढला नाही.

उन्हं कलली. हेंडगा पेटवायची वेळ झाली. कडब्याची ती जळती मशाल घेऊन ‘ओलगे, ओलगे’ ओरडत घरच्या माणसांनी रानाला फेरी घालायची असते. लहानपणी हेंडगा धरण्यासाठी दोघं भाऊ भांडायचे आणि अण्णा हटकून हरायचा, मुद्दाम. आज पेटलेला हेंडगा हातात घेऊन अण्णा घोंगडीपाशी थांबला. गौरीशंकर अर्धवट उठलासुद्धा. अण्णानं त्याच्याकडं पाहिलं, मग त्याच्या पलीकडच्या भिंतीकडं पाहिलं आणि हेंडगा दादामियाँच्या हातात दिला.

“तू बस,” अण्णा म्हणाला. “पाव्हण्यानं पळायचं नसतंय.”

आवाजात राग नव्हता. दोघं म्हातारे धापा टाकत, ओरडत, ज्वारीच्या कडेनं निघाले. पूर्वी ही फेरी सडकेपर्यंत जायची. आता ती भिंतीपाशी आली, जाळ क्षणभर भिंतीवर हलला आणि आतल्या आत वळला. गौरीशंकर अर्धा उठलेला तो तसाच पुन्हा खाली बसला.

अक्रम निघाला. वहिनीनं त्याला वाटेसाठी उंडे बांधून दिले होते. सगळ्यांना सलाम करून तो गौरीशंकरपाशी आला आणि त्यानं त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला.

“साब, हमारे उदर एक फूट जमीन के वास्ते भायां कोर्ट जाते,” तो म्हणाला. “मेरे कू बी भाय है. बात नईं करता. आप जैसा भाय अल्ला सबकू देवे.”

गौरीशंकरनं अण्णाकडं पाहिलं. फेरी संपवून आलेला अण्णा श्वास सावरत उभा होता, तोंडावर काही नव्हतं, नुसता बघत होता. सगळेच बघत होते. नाही म्हणावं तर अण्णानं परक्यापुढं राखलेली अब्रू जाते, हो म्हणावं तर जीभ झडावी. गौरीशंकरनं हात सोडवून घेतला आणि दोन्ही हात छातीशी जोडले.

ट्रक निघाला. वाट मोकळी झाली तशी त्याच्यामागून गौरीशंकरची गाडीही निघाली. महामार्गाला लागताना ट्रकच्या दिव्यांचा झोत फाटकावरच्या फ्लेक्सवर पडला. तिथंही तो अगदी तसाच उभा होता, हात छातीशी जोडून. अक्रमनं खिडकीतून त्या चित्राला आदरानं हात केला आणि हैदराबादच्या दिशेनं निघून गेला.